नकाशा आणि पडदा

आपण मुळात घाबरट नाही, असं खारूच्या आईचं स्वतःबद्दलचं मत होतं. घरात या मताला दुजोरा देणारं मात्र कुणी नव्हतं. खारू झाली आणि अडीच वर्षांत घरातल्या प्रत्येक प्लगच्या भोकावर चिकटपट्टी आली, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंजाचे तुकडे लागले, फिनेलची बाटली माळ्यावर गेली आणि माळ्यावर चढायची शिडी शेजारणीकडे ठेवायला गेली.

"आता फक्त पोरीला कापसात गुंडाळून कपाटात ठेवायची राहिलीय," सासूबाई फोनवर म्हणायच्या. "अगं, माझी तिघं वाढली. एकानं तर साबण खाल्ला होता. तोच तुझा नवरा."

त्यावर नवरा शेजारून म्हणायचा, "म्हणूनच मी इतका स्वच्छ मनाचा आहे."

खारूचं खरं नाव कागदोपत्री होतं, पण ते कुणी वापरत नसे. तोंडात घातलेली वस्तू ती गिळायची नाही, उजव्या गालात साठवून ठेवायची. दुपारी भरवलेला भाताचा घास चार वाजता गालातून निघायचा. खारीसारखी, म्हणून खारू. हा गाल आईला नीट ठाऊक होता. रात्री झोपवताना त्यात बोट फिरवून बघितल्याशिवाय ती दिवा मालवत नसे.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायचा. दिवसभर लोकांचे नंबर बघून त्याला सगळ्या जगाचं दुखणं नंबराचंच वाटायचं. खारू झोपेत जोरात श्वास घेते म्हणून बायकोनं तिला एकदा दवाखान्यात नेलं, मग शर्टाचं बटण गिळलं म्हणून पुन्हा नेलं, आणि ते बटण पलंगाखाली सापडलं. त्या संध्याकाळी त्यानं खिशातून एक छोटी चिमटी काढून तिच्यासमोर ठेवली. चिमटीला बोराएवढं भिंग होतं.

"हे फोनच्या कॅमेऱ्यावर लावायचं आणि एकदम जवळ जायचं. दोन बोटांवर."

"कशाच्या जवळ?"

"पोरगी सोडून कशाच्याही. काळजीचा नंबर वाढलाय तुझा. जरा डोळ्याला दुसरं काहीतरी दाखव."

तिला राग आला. तीन दिवस चिमटी फळीवर पडून होती. चौथ्या दिवशी खारू इमारतीमागच्या अंगणात खडे मोजत बसली असताना आईनं सहज ते भिंग लावलं आणि पाण्याच्या टाकीशेजारच्या झाडाच्या सालीवर धरलं. आणि ती तिथंच उकिडवी बसली. साल कुठली, ते कोरडं पडलेलं नदीचं पात्र होतं. त्याला भेगा होत्या, काठ होते, काठावर हिरव्या शेवाळाची जंगलं होती, आणि त्या जंगलातून एक लाल कोळी असा चालला होता की जणू सगळी जमीन त्याच्या नावावर आहे.

त्या दिवसापासून तिला नादच लागला. जास्वंदीच्या दांड्यावरचे मोहरीहून बारीक पिवळे गोळे, गवताच्या पात्यावरची करवत, पानाच्या पाठीवरचं रेशीम, हे सगळं इतकी वर्षं पायाखाली होतं आणि आपण चपला घालून त्यावरून गेलो, याचं तिला नवल वाटायचं. फोटो काढताना एक पथ्य पाळावं लागे: श्वास रोखायचा. एवढ्या जवळून नुसत्या श्वासानंही चित्र हलतं. ती श्वास रोखायची, एक फोटो काढायची, श्वास सोडायची, मागं वळून खारूला बघायची, मग पुढचा फोटो. हा नियम तिनं स्वतःच घातला होता आणि कधी मोडला नव्हता.

झाडांची नावं तिला येत नव्हती, आणि विचारावीत असंही कधी वाटलं नाही. फुलाच्या आत शिरल्यावर झाड कुणाच्या लक्षात राहतं? ती फोटोंनाच नावं द्यायची. अंगणाच्या कुंपणाला पिवळ्या फुलांची रांग होती. त्या फुलाच्या घशात बारीक तांबूस रेघा होत्या, वाटा फुटत फुटत खोल गेलेल्या. तो झाला 'नकाशा'. भिंतीपलीकडच्या रिकाम्या जागेतलं एक झाड फांदी टाकून अंगणात वाकलं होतं. त्याची फुलंही पिवळीच आणि आकारही जवळपास तसाच. पण भिंतीच्या कठड्यावर पडलेलं एक फूल तिनं भिंगाखाली धरलं, तेव्हा त्यात एकही रेघ नव्हती. पाकळ्या पीळ घातल्यासारख्या एकमेकींवर चढलेल्या, आणि आत जिथं घसा अरुंद होतो तिथं पांढऱ्या लवेचे झुबके. कुणीतरी आत बसलंय आणि दारावर झिरझिरीत कापड सोडलंय असं वाटायचं. तो 'पडदा'.

"हे बघ," तिनं नवऱ्याला दाखवलं होतं. "लांबून दोन्ही सारखीच."

"मला जवळूनही सारखीच दिसतायत," नवरा म्हणाला. "चष्मेवाल्याच्या घरी अंधार."

*

ते घडलं त्या दिवशी वारा होता.

नकाशाच्या फुलावर एक इवलासा हिरवा कीटक बसला होता, पंख काचेचे. फूल डोलत होतं. वारा पडेल तेव्हा फोटो मिळणार, म्हणून ती कोपरावर रेलून, श्वास धरून वाट बघत राहिली. वारा पडला की एक फोटो, तो हललेला. पुन्हा एक. आता, आता, असं करत ती वळायचं विसरली. नंतर फोनमध्ये वेळा बघितल्या तेव्हा कळलं, पहिला फोटो पाच वाजून सात मिनिटांचा होता आणि शेवटचा पाच अकराचा. तिनं आयुष्यात काढलेला सगळ्यात सुंदर फोटो पाच अकराचा आहे. तो तिनं पुन्हा कधी उघडला नाही.

"आई, कलू," मागून आवाज आला.

खारू भिंतीशी उभी होती. कडू म्हणायचं होतं तिला. ओठांवर, हनुवटीवर पिवळा चोथा होता आणि डोळे कसंनुसं झाल्यासारखे मिचमिचत होते.

खारूच्या आईच्या हातातून फोन पडला. तिनं पोरीला उचललं, टाकीच्या नळाशी नेलं, तोंडात बोट घालून जेवढं निघेल तेवढं काढलं, चुळा भरवल्या. खारूनं तिच्या बोटाला कडकडून चावा घेतला. पिवळे तुकडे पाण्याबरोबर मोरीत वाहून गेले. ते जपून ठेवायला हवे होते हे तिला कळलं, तेव्हा नळ बंद झाला होता आणि मोरी स्वच्छ होती.

तिनं नवऱ्याला फोन लावला. "खारूनं फूल खाल्लं."

"कुठलं फूल?"

"अंगणातलं. मी फोटो काढत होते ते. पिवळं."

"कुंपणाचं? अगं ते... बरं, बरं, रडू नकोस. तू दवाखान्यात पोच, मी फूल तोडून आणतो. दाखवायला लागेल."

आणि इथंच चूक झाली. खोटं कुणीच बोललं नव्हतं. तिनं आपण ज्या फुलाकडे बघत होतो त्याचं सांगितलं, त्यानं तिनं सांगितलेलं तोडलं. खारू कशाकडे बघत होती, हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

*

दवाखान्यात डॉक्टर तीच होती, बटणाच्या वेळची. तरुण, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस पेनानं वर खोचलेले. खारूच्या आईला बघून तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते तिनं लगेच पुसलं, पण खारूच्या आईनं बघायचं ते बघितलं. पुन्हा आल्या या.

"आज काय गिळलं?"

"फूल. किती ते माहीत नाही. चार मिनिटं माझं लक्ष नव्हतं."

"चार मिनिटंच ना," डॉक्टर समजुतीनं म्हणाली. "आमच्याकडे चार तास लक्ष नसलेले येतात."

वयस्कर सिस्टरनं खारूचं मनगट धरून घड्याळाकडे बघत ठोके मोजले. शहाण्णव. घसा बघितला, पोट दाबून बघितलं. तेवढ्यात नवरा धापा टाकत आला. हातात कुंपणाची अख्खी डहाळी, कातरलेल्या कडांची पानं, टोकाला पिवळी फुलं. डॉक्टरनं डहाळीचा फोटो काढला, कुणालातरी पाठवला, संगणकावर शोधलं. दहा मिनिटांत उत्तर आलं.

"कुंपणाला सर्रास लावतात हे. विषारी नाही. पोट जरा बिघडेल फारतर. घरी न्या, पाणी पाजत राहा, आणि झोपू द्या तिला. दमलीय."

नवऱ्यानं सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. "बघ, मी म्हणत नव्हतो? चल. आणि ते भिंग मी आता दुकानातच ठेवतो."

खारूच्या आईला हसायचं होतं, सगळे हसण्याची वाट बघत होते. पण खारू तिच्या खांद्यावर मान टाकून पडली होती, आणि खारू अशी कधी मान टाकत नसे. दवाखान्यातल्या वजनकाट्यावर नाचणारी पोर ती. आज काट्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं.

"खारू, घरी जायचं?"

"हं," खारू म्हणाली. ते 'हं' तोंड भरलेल्या माणसाचं होतं.

तिनं पोरीला मांडीवर आडवं घेतलं, करंगळी उजव्या गालाच्या अगदी खाली, दाढेच्या मागं सरकवली. नळावर खारू चावली तेव्हा हाच कोपरा राहून गेला होता. डॉक्टरनं घसा बघितला होता, पण या पोरीचं कोठार घशात नसतं, हे डॉक्टरला कुठून ठाऊक असणार? करंगळीला काहीतरी बुळबुळीत लागलं. तिनं ते हळूच ओढून तळहातावर घेतलं. नखाएवढा पिवळा तुकडा, नळीसारखा वळलेला.

"तेच की," नवरा म्हणाला. "राहिलं होतं थोडं. निघालं, बरं झालं."

"भिंग कुठाय?"

"अगं आता कशाला..."

"भिंग दे माझं."

तिचा आवाज असा निघाला की सिस्टरनंही वळून बघितलं. चिमटी तिच्याच पिशवीत होती. तिनं ती फोनला लावली, तळहात टेबलावर टेकवला, तुकडा नखानं उलगडला. फोनच्या काचेवर नुसतं पिवळं धुकं नाचत होतं. मग तिनं रोज करायची तेच केलं. श्वास रोखला.

धुकं बसलं. पाकळीची आतली बाजू समोर आली.

तिनं तांबड्या रेघा शोधल्या. एक तरी असू दे. इतकं मनापासून तिनं आजवर काही मागितलं नव्हतं. वाट नाही, फाटा नाही, साधा ठिपका नाही. गुळगुळीत पिवळं, आणि नळी जिथं अरुंद होत होती तिथं, लाळेनं चिकटलेले, तरी ओळखू येणारे पांढऱ्या लवेचे झुबके.

"हा नकाशा नाही," ती म्हणाली. "हा पडदा आहे."

डॉक्टरनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं जमिनीकडे बघितलं. बायकोचं डोकं फिरलं असं दोघांनाही वाटलं असणार, आणि तसं वाटू नये असं तिच्या बोलण्यात काही नव्हतं.

"ऐका, ऐका माझं." तिनं फोनमधले जुने फोटो भराभर मागं सरकवले. "हे कुंपणाचं फूल. याच्या घशात रेघा आहेत, दिसतात? प्रत्येक फुलात असतात, मी चाळीस तरी काढलेत. आणि हे दुसरं, भिंतीवरून वाकलेल्या झाडाचं. याला रेघा नाहीत, लव आहे. आता हा तुकडा बघा. हिच्या गालातला. हे दुसऱ्या झाडाचं आहे!"

"दुसऱ्या झाडाचं नाव काय?"

"माहीत नाही."

"पानं कशी आहेत? फळ धरतं का त्याला?"

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि ते म्हणताना तिला रडू फुटलं. "मी झाड कधी बघितलंच नाही. मी फक्त आत बघितलं."

डॉक्टरनं फोन हातात घेतला. एकदा इकडचा फोटो, एकदा तिकडचा. चेहरा अजून समजूत घालणाऱ्याचाच होता. "ताई, इतक्या जवळून तर कुठलंही फूल..."

"डॉक्टर, जरा द्या इकडे," सिस्टर मध्येच म्हणाली. चष्मा कपाळावर चढवून तिनं फोन नाकाशी नेला, मग हातभर लांब धरला. "पाकळ्या पिळाच्या आहेत. झाडाची फांदी तोडली की दूध येतं का हो?"

खारूच्या आईनं लेकीचा हात उघडला. बोटांच्या बेचक्यांत काहीतरी पांढरट, वाळलेलं, डिंकासारखं चिकटलं होतं. तिनं ते मघाशी भाताचं समजून सोडून दिलं होतं.

सिस्टरनं ते बघितलं आणि तिचा आवाज बदलला. "बिट्टी आहे ही. पिवळी कण्हेर. आमच्या परसात होती. आई आम्हाला सावलीतही खेळू द्यायची नाही. डॉक्टर, हिचे ठोके पुन्हा मोजते मी."

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तेवढा टकटक करत होता. खारूच्या आईनं सिस्टरच्या ओठांकडे नजर लावली. ते हलत होते, पण फार सावकाश.

"बहात्तर."

"इतक्या लहान मुलीला?" डॉक्टरनं पेन केसांतून उपसलं, केस खांद्यावर पडले. "वर मुलांच्या विभागात सांगा, मॉनिटर लावून ठेवा म्हणावं. इसीजी आधी. विष शोषायला कोळशाची पूड कालवा. मोठ्या इस्पितळाला फोन मी करते."

त्याच वेळी खारूनं आईच्या अंगावर भडाभडा उलटी केली. पिवळं पाणी, आणि त्यात दात उमटलेले हिरव्या सालीचे दोन तुकडे.

"फळही चावलंय," सिस्टर हलक्या आवाजात म्हणाली. "फळ जास्त वाईट."

नवऱ्याच्या हातात अजून ती कुंपणाची डहाळी होती. त्यानं ती कुठं ठेवावी हे न सुचून खिशात खोचायला घेतली.

*

त्यानंतरच्या तासांत काय काय झालं ते खारूच्या आईला सलग कधी आठवलं नाही. काळ्या पाण्यानं माखलेले खारूचे ओठ आठवतात. छातीवर चिकटवलेल्या तीन गोल चकत्या आठवतात, आणि मॉनिटरवरचा तो हिरवा आकडा. बहात्तर, अडुसष्ट, एकाहत्तर. एकदा तो चौसष्टवर आला तेव्हा दोघी सिस्टर धावत आल्या, खारूच्या हाताला लावलेल्या नळीतून इंजेक्शन गेलं, आणि आकडा जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा थांबत थांबत वर निघाला. ती त्या आकड्याकडे बघत बसली. श्वास रोखून. मध्येच सिस्टर तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही श्वास घ्या हो. तुमच्या श्वासानं तो नाही हलायचा."

नवरा पायाशी बसला होता. तो म्हणाला, "घरी नेली असती तर झोपवली असती आपण."

"हं."

"आणि म्हणालो असतो, दमलीय."

त्याचा हात तिच्या हातात आला, घामेजलेला, काचांच्या बारीक ओरखड्यांनी भरलेला.

उजाडलं तेव्हा आकडा अठ्ठ्याण्णव होता. डॉक्टर घरी जायच्या आधी वर आली. इसीजीची पट्टी उजेडाकडे धरून बघितली, मग खारूच्या आईसमोर उभी राहिली. "मी तुम्हाला घरी पाठवत होते," ती म्हणाली. एवढंच. आणि मग, "ते दोन फोटो मला पाठवाल? खाली टेबलाशी लावते. शेजारी शेजारी."

"पाठवते," खारूची आई म्हणाली. "खाली नाव काय लिहाल?"

"तुम्ही काय म्हणत होता? नकाशा आणि पडदा?"

पलंगावरून खारू म्हणाली, "आई, भूक." आणि खारूच्या आईनं इतक्या तासांत पहिल्यांदा दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

*

आठ दिवसांनी ती खारूला घेऊन अंगणात गेली. शेजारच्या जागेचा मालक फांदी तोडायला माणूस पाठवणार होता, तो अजून आला नव्हता. भिंग दुकानाच्या खणात होतं. परत आणू का म्हणून नवऱ्यानं दोनदा विचारलं होतं, तिनं दोन्ही वेळा बोलणं दुसरीकडे नेलं होतं.

ती भिंतीपासून दहा पावलं लांब उभी राहिली. खारूचं मनगट तिनं इतकं घट्ट धरलं होतं की खारू म्हणाली, "आई, दुखतं." तिनं बोटं थोडी सैल केली. अंगठा आपोआप नाडीवर गेला. हल्ली तो तिथंच जायचा.

मग तिनं ते झाड बघितलं. अख्खं, पहिल्यांदा. ते तिच्या मनात होतं त्यापेक्षा पुष्कळ मोठं होतं. पानं लांब, अरुंद, तकतकीत, सुरीच्या पात्यासारखी. पानांच्या आड हिरवी, कोनाकोनांची फळं लटकत होती, लहान मुलाच्या मुठीत नेमकी बसतील एवढी. आणि फुलं तर शेकडो. इतकी फुलं होती आणि तिनं एकच बघितलं होतं.

वारा आला. एक फूल सुटून गरगरत खाली आलं आणि भिंतीच्या अलीकडे, त्यांच्यापासून चार हातांवर पडलं. खारू त्याच्याकडे झेपावली. आईच्या हाताला हिसका बसला, पण मनगट सुटलं नाही.

"कलू!" खारू फुलाला दटावत म्हणाली.

"हो. कडू. लांबूनच बघायचं."

तिनं मोकळ्या हातानं फोन काढला आणि अख्ख्या झाडाचा फोटो घेतला. बुंधा, पानं, फळं, भिंत, सगळं त्यात यायला हवं होतं. फोटो हलला. एका हातानं काढला की हलतोच, आणि यावेळी तिनं श्वासही रोखला नव्हता. दुसरा काढायचा म्हणजे खारूचा हात सोडावा लागला असता.

तिनं हललेलाच ठेवला. खाली नाव लिहिलं, बिट्टी. आणि मग दोघी मागं मागं, पाठ न फिरवता, जिन्यापर्यंत गेल्या.